नाइफ फिश दिवसा बाहेर आला? आधी पाणी तपासा

मुलुंडला आमच्या घरी चार फुटी टाकीत ब्लॅक घोस्ट नाइफ नावाचा एक मासा होता. सासऱ्यांनी त्याचं नाव कृष्णा ठेवलं होतं. मासा रात्री जागा, सासऱ्यांनाही रात्री झोप नाही, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं होतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रविवारी भर दुपारी कृष्णा आपल्या लपायच्या नळीतून बाहेर आला आणि काचेला लागून वरखाली करायला लागला. तोंड सारखं पाण्याच्या वरच्या थराशी. मला वाटलं, पाणी खराब झालंय. मी लगेच अर्धी टाकी उपसली आणि ताजं पाणी भरलं. तासाभरात तो वाळूवर पडला, पोटाखालच्या पराची झालर थांबली, आणि दिवेलागणीपर्यंत गेला.

उपसलेलं पाणी मी झाडांसाठी बाल्कनीत बादलीत ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यातलं थोडं एका बाटलीत आणि नळाचं दुसऱ्या बाटलीत भरून, जिथून मासा आणला होता त्या कुर्ल्याच्या दुकानात गेले. तिथल्या काकांनी माझ्यासमोर चाचण्या केल्या. टाकीच्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) किटवर सगळ्यात खालच्या रंगावर, म्हणजे ६ किंवा त्याच्याही खाली. अमोनियाच्या चाचणीची नळी गडद हिरवी, म्हणजे माशाच्या घाणीतून येणारा अमोनिया भरपूर. नळाच्या पाण्याचा पीएच मात्र ८, कारण त्या आठवड्यात सोसायटीत टँकर येत होता. काका म्हणाले, "ताई, जुन्या पाण्यात तो त्रासात होता, पण जिवंत होता. नव्या पाण्याने मारला त्याला."

हे कसं झालं ते पुढे सविस्तर सांगते, कारण आपल्याकडच्या पाण्यात ते कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. आज आमच्याकडे दुसरा ब्लॅक घोस्ट आहे आणि तो ठणठणीत आहे. मधल्या काळात जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे.

१. आपला नाइफ फिश कोणता, ते आधी ओळखा

दुकानात 'नाइफ' या एकाच नावाखाली निरनिराळे मासे मिळतात, आणि एकाचं आजाराचं लक्षण ही दुसऱ्याची रोजची सवय असते.

ब्लॅक घोस्ट काळाकुळीत, कपाळावरून पाठीपर्यंत पांढरा पट्टा, शेपटीजवळ दोन पांढरी कडी. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अॅमेझॉनच्या खोऱ्यातला. अंगावरचे खवले इतके बारीक की अंग बिनखवल्यांचंच वाटतं. डोळे बारीक, नजर मंद. अंगातून सतत अगदी क्षीण विद्युत लहरी सोडत, सेकंदाला साधारण हजार वेळा, तो अंधारात वाट आणि भक्ष्य शोधतो.

क्लाउन नाइफ चंदेरी, अंगावर पांढऱ्या कडीतले काळे ठिपके. हा थायलंड, कंबोडिया, व्हिएतनामकडचा. आपल्या नद्या-धरणांत मिळणारी चालट याच कुळातली. या दोघांचे बारीक खवले दिसून येतात, आणि मुख्य म्हणजे हे पाण्यावर येऊन हवेचा घोट घेतात. तुमचा क्लाउन नाइफ अधूनमधून वर येऊन गपकन हवा घेऊन खाली गेला, तर तो आजारी नाही. ब्लॅक घोस्टला मात्र ही सोय नाही. तो वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला, तर समजा पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा कल्ल्यांना इजा झाली आहे. त्याच्या बाबतीत संध्याकाळपर्यंत थांबू नका.

क्लाउन नाइफ एक मीटरपर्यंत वाढतो. दुकानात चार इंचांचं पिल्लू गोड दिसतं, पण मुंबईच्या फ्लॅटमध्ये त्याला आयुष्यभर पुरेल एवढी टाकी बसत नाही. माझं स्पष्ट मत आहे की तो घेऊच नये. आधीच घेतला असेल, तर मोठा झाल्यावर तलावात नेऊन सोडू नका. त्याला मोठी टाकी असलेला माणूस शोधा. ब्लॅक घोस्टही टाकीत फूटभर सहज होतो. त्याला चार फुटी टाकी ही सुरुवात समजा.

२. माशाचं 'नेहमीचं' लिहून ठेवा

हे काम मासा बरा असतानाच करायचं. आठवडाभर रोज पाच मिनिटं बघा आणि वहीत लिहा: दिवसा कुठे बसतो, कसा बसतो, दिवे गेल्यावर किती वेळाने बाहेर येतो, किती खातो, कल्ले किती वेळा हलतात. कल्ले मोजायला १५ सेकंद घड्याळ लावा आणि आकड्याला ४ ने गुणा. तोच तुमच्या माशाचा आकडा. पुढे कधी तो दीडपट झालेला दिसला, तर रंग-रूप ठीक असलं तरी पाणी तपासायला घ्या.

आमच्याकडे ही वही सासरे लिहितात. एक नोंद अशी आहे: "रात्री २.१०. नळीत आडवा. कल्ले संथ. झालर अर्धी हलते." ती वाचून मी घाबरले होते. ब्लॅक घोस्ट कुशीवर पडून विश्रांती घेतो, कधी दोन दगडांच्या फटीत तिरका अडकल्यासारखा पडतो, आणि नवीन माणसाला तो मेला असंच वाटतं. बघायचं ते एवढंच: कल्ले एका लयीत हलताहेत का, आणि नळीशी बोट नेलं की झालर लगेच चालू होते का. दोन्ही होत असेल, तर त्याला झोपू द्या.

रात्री बघायला मोठा दिवा लावू नका. टॉर्चवर लाल सेलोफेन कागद गुंडाळा, त्याला तेवढा त्रास होत नाही.

३. घरात हवंच असं सामान

थेंबांचं किट: अमोनिया, त्यापासून जिवाणू बनवतात ते नायट्राइट आणि नायट्रेट, पीएच, आणि केएच (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) या पाच चाचण्यांसाठी. कागदी पट्ट्या स्वस्त वाटतात, पण बऱ्याच पट्ट्यांमध्ये अमोनिया नसतोच, आणि आपल्याला तोच आधी हवा असतो.
टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेन आणि काचेचा किंवा डिजिटल थर्मामीटर.
क्लोरिन मारण्याचं औषध. दुकानात 'अँटी-क्लोरिन' म्हणून मागा. शक्य असेल तर अमोनियाही बांधून ठेवणारं औषध घ्या.
फक्त टाकीसाठी ठेवलेल्या दोन बादल्या आणि सायफनचा पाइप. साबण लागलेली बादली चालत नाही.
जास्तीचा एअर पंप, शक्यतो बॅटरीवर चालणारा, आणि एअर स्टोन (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा दगड).
वही.

आणि टाकीत खरं पाणी किती, हा आकडा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचांत मोजा, गुणाकार करा, ६१ ने भागा. उत्तर लिटरमध्ये येतं. ४८ × १८ × १८ इंचांची टाकी काठोकाठ भरली तर साधारण २५५ लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की २२० च्या आसपास. औषधाचा डोस याच आकड्यावर ठरतो. 'चार फुटी टाकी' एवढ्यावर औषध ओतलं तर चुकण्याचीच शक्यता जास्त.

४. लक्षण दिसलं की पहिली दहा मिनिटं

टाकीचा दिवा बंद करा. जादा एअर स्टोन सोडा. खाणं बंद. थर्मामीटर बघा. फिल्टरमधून पाणी नीट पडतंय का ते हात न घालता बघा.

मग टाकीचं अर्धा लिटर पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून बाजूला ठेवा आणि त्यातूनच चाचण्या करा. घाईत पाणी बदललं की जुन्या पाण्यात काय होतं हे कधीच कळत नाही. माझ्या बाबतीत ते कळलं ते केवळ झाडांना पाणी घालायची सवय होती म्हणून.

औषधाची बाटली या दहा मिनिटांत कपाटातून बाहेरही काढू नका. मला जे बिघाड बघायला मिळाले, त्यातले बहुतेक पाण्याचे होते, आणि निळ्या-हिरव्या औषधाने पाणी सुधारत नाही.

५. चाचण्या करा, आणि नळाच्या पाण्याच्याही करा

दोन्ही पाण्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. एकट्या टाकीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

अमोनिया. मुरलेल्या, म्हणजे जिवाणू स्थिरावलेल्या टाकीत शून्य यायला हवा. पाव पीपीएम (लिटरमागे पाव मिलिग्रॅम) दिसला तरी कारण शोधा: नळीत सडलेलं खाणं, मेलेला छोटा मासा, नळाखाली धुतलेला फिल्टरचा स्पंज. त्या स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात आणि नळातल्या क्लोरिनने ते मरतात. स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळवायचा.

आता महत्त्वाची गोष्ट. किट जो आकडा दाखवतं तो सगळा विषारी नसतो. पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात, एक जवळपास निरुपद्रवी आणि एक कल्ले जाळणारं, आणि कुठलं किती हे पीएच ठरवतो. पीएच १ ने वाढला की विषारी भाग साधारण दहापट होतो. म्हणजे ६ वरून ८ वर गेला तर जवळजवळ शंभरपट. कृष्णाचं नेमकं हेच झालं. मुंबईच्या तलावांचं पाणी मऊ, त्यात आम्ल शोषून घेणारे क्षार कमी. टाकीत रोजच्या घाणीतून आम्ल तयार होत राहतं, क्षार संपतात आणि पीएच हळूहळू ढासळतो. पीएच ६ च्या आसपास आला की जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठायला लागतो, पण पीएच कमी असल्याने तो फारसा जाळत नाही. अशा टाकीत मी पीएच ८ चं अर्धी टाकी पाणी ओतलं. अमोनिया निम्मा झाला खरा, पण पीएच वर गेल्यामुळे उरलेल्या निम्म्यातला विषारी भाग कितीतरी पटींनी वाढला.

म्हणून हा नियम लक्षात ठेवा. अमोनिया जास्त आणि पीएच ६.५ च्या वर, नळाच्या पीएचच्या जवळपास: तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी लगेच बदला. अमोनिया जास्त आणि पीएच ६ च्या आसपास: मोठा बदल करू नका. अमोनिया बांधणारं औषध टाका, खाणं बंद ठेवा, आणि दहा-दहा टक्के पाणी काही तासांच्या अंतराने बदलत दोन-तीन दिवसांत पीएच हळू वर आणा.

नायट्राइट. हाही शून्य हवा. हा रक्तात शिरला की रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. पाणी हवेशीर असूनही मासा धापा टाकतो, आणि कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात. पाणी बदला, आणि दर १० लिटरला १ ग्रॅम जाडं मीठ मगभर पाण्यात विरघळवून थोडंथोडं सोडा. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. अशा नाजूक कातडीच्या माशाला यापेक्षा जास्त मीठ घालायच्या भानगडीत नवख्याने पडू नये.

नायट्रेट. २० पीपीएमच्या आत ठेवा, ४० च्या पुढे जाऊ देऊ नका. ही चाचणी नवीन माणसाची हमखास चुकते. बहुतेक किटमध्ये दुसऱ्या बाटलीतली पावडर तळाशी बसते. ती बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवली नाही, तर नायट्रेट खोटा कमी दिसतो.

पीएच आणि केएच. ६.५ ते ७.५ मधला कुठलाही पीएच ब्लॅक घोस्टला चालतो, तो रोज वरखाली होता कामा नये एवढंच. केएच म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद. मोजायला सोपी: रंग पालटेपर्यंत थेंब मोजायचे, बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश. ३-४ अंश असेल तर निर्धास्त, २ च्या खाली गेला तर पीएच कधीही कोसळेल असं धरून चाला. उपाय स्वस्त आहे. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत मूठभर कोरलचा चुरा ठेवा. मी तिसऱ्यांच्या शिंपल्या वापरते: मांस पूर्ण काढून, दोनदा उकळून, घासून, उन्हात वाळवून. त्या हळूहळू विरघळतात आणि पीएच धरून ठेवतात. मात्र अमोनिया शून्य असतानाच हे सुरू करा. साठलेल्या अमोनियात पीएच वाढवणं म्हणजे माझीच चूक पुन्हा करणं.

टीडीएस. हा आकडा पाण्याचा चांगुलपणा सांगत नाही, पाणी बदललं का ते सांगतो. नळाचा नेहमीचा आकडा माहीत असला, की तो एक दिवस दुप्पट-तिप्पट दिसल्याबरोबर कळतं, आज टँकरचं किंवा बोअरचं पाणी आहे. ब्लॅक घोस्टला हा फरक जास्त जाणवतो, कारण क्षार बदलले की त्याच्या विद्युत लहरींचा पसाराही बदलतो.

६. मुंबईत पाणी कधी दगा देतं

महापालिकेचं पाणी अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून येतं. भांडुप आणि पांजरापूरला त्यातल्या बहुतेक पाण्यावर प्रक्रिया होते आणि निर्जंतुकीकरणासाठी क्लोरिन मिसळतात. आपल्या पोटासाठी ते हवंच, पण माशाच्या कल्ल्यांना चालत नाही. बादली २४ तास एअर स्टोन लावून ठेवली तरी क्लोरिन उडून जातं. घाई असेल तर औषध आहेच.

पण त्रास बहुतेक वेळा तलावातून येत नाही, सोसायटीतून येतो. नोटीस बोर्डावर 'टाकी साफसफाई' दिसली की तारीख वहीत लिहा. गच्चीवरची टाकी धुताना ब्लीचिंग पावडर वापरतात, आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांच्या पाण्याला वास येतो. आमच्याकडे साफसफाईनंतर तीन दिवस मी टाकीचं पाणी बदलत नाही. आधल्या दिवशीच दोन बादल्या भरून ठेवते.

एप्रिल-मे मध्ये पाणीकपात आणि टँकर. टँकरचं पाणी बरेचदा विहिरीचं किंवा बोअरचं असतं, जड आणि जास्त पीएचचं. तेच ऊन्हाचेही दिवस. २५ अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ ला ७.३. म्हणजे माशाची गरज वाढते तेव्हाच साठा कमी होतो. झाकणाच्या जागी जाळी बसवा आणि छोटा पंखा पाण्यावर वारा घालील असा ठेवा. दोन-तीन अंशांचा फरक पडतो. पाणी उडतं, तेवढं रोज भरा. जाळी नीट घट्ट हवी, नाइफ फिश रात्री उडी मारतो. बर्फाचे तुकडे टाकू नका.

पावसाळ्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गढूळ पाणी आलं तर पाणीबदल पुढे ढकला, किंवा पाणी साठवून निवळू द्या.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चांगलं म्हणून नुसतं तेच भरणारे लोक मी पाहिलेत. त्यात पीएच धरून ठेवणारे क्षारच नसतात, त्यामुळे टाकी आणखी लवकर कोसळते. आणि आरओच्या पाइपातून वाया जाणारं पाणी तर मुळीच नको.

७. लक्षणावरून कुठे बघायचं

दिवसा सैरभैर पोहणं, काचेला अंग घासत वरखाली: आधी अमोनिया आणि पीएच, मग तापमान. सगळं ठीक असेल तर लपायची जागा बघा.

पाणी बदलल्यावर तासाभरात त्रास: क्लोरिन, तापमानातला फरक, किंवा पीएच आणि टीडीएसची उडी. क्लोरिनचा संशय आला तर लगेच अँटी-क्लोरिन टाका, थांबून बघण्यात अर्थ नाही.

पहाटे धापा टाकतो आणि दुपारी बरा दिसतो: टाकीत झाडं भरपूर असतील, तर रात्री तीही प्राणवायू खातात. रात्रभर एअर पंप चालू ठेवा.

काळा रंग करडा पडणं, अंगावर दुधट साय आल्यासारखं दिसणं: पाण्याने कातडीची जळजळ होते आहे, म्हणून मासा जादा चिकट थर सोडतो. याला बुरशी समजून औषध टाकू नका. आधी अमोनिया आणि पीएच.

झालरीच्या कडा विरलेल्या, कुरतडल्यासारख्या: दुसरे मासे चावताहेत का ते रात्री बघा. टायगर बार्बसारखे मासे याच्याबरोबर नकोत. कडा पांढऱ्या होऊन झिजत चालल्या असतील, तर नायट्रेट आणि वाळूतली घाण बघा.

मिठाच्या कणांसारखे सुटे पांढरे ठिपके: हा खरोखरचा आजार, व्हाइट स्पॉट. काळ्या अंगावर तो लवकर दिसतो, एवढं बरं. याविषयी शेवटी लिहिलं आहे.

खाणं सोडलं: नवीन मासा तीन-चार दिवस खात नाही, त्यात घाबरण्यासारखं नाही. दिवे घालवल्यावर तासाभराने नळीच्या तोंडाशी गोठवलेले ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या) वितळवून सोडा. गांडुळाचे तुकडे तर त्याला फार आवडतात. जिवंत ट्युबिफेक्स (दुकानात मिळणारे बारीक लाल किडे) मी घेत नाही. ते घाणीत वाढतात, आणि त्यांच्याबरोबर टाकीत काय येईल ते सांगता येत नाही.

८. पाणी स्वच्छ निघालं तर घरात बघा

चाचण्या चांगल्या आल्या आणि मासा तरी अस्वस्थ आहे, तर गेल्या दोन दिवसांत घरात काय झालं ते आठवा.

पेस्ट कंट्रोल झालं का? झुरळं-डासांच्या फवाऱ्यांमधली बरीचशी औषधं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात, आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. फवारणीच्या वेळी टाकी ओल्या चादरीने पूर्ण झाका, एअर पंप बंद ठेवा, फिल्टर चालू राहू द्या, आणि खोली मोकळी करून वास गेल्यावरच पंप लावा. गल्लीत धुरळणीची गाडी आली तरी खिडक्या लावून हेच करा. ताजा रंग आणि फिनेल यांचंही तसंच.

लपायला जागा आहे का? त्याच्या लांबीएवढी, दोन्ही बाजूंनी उघडी नळी हवीच. पारदर्शक अॅक्रेलिकची असेल तर तो दिसतोही, आणि त्याला लपल्यासारखंही वाटतं. प्लंबिंगच्या दुकानातल्या पीव्हीसी पाइपचा तुकडाही चालतो, फक्त कडा घासून गुळगुळीत करा. त्याची नाजूक कातडी पटकन सोलवटते.

टाकीत दोन ब्लॅक घोस्ट आहेत का? लहान टाकीत ते एकमेकांना सुखाने राहू देत नाहीत. एकच ठेवा.

हीटरला किंवा पंपाला तडा गेलाय का? पाण्यात वीज उतरत असेल, तर विजेवर जगणारा हा मासा सर्वांत आधी बेचैन होतो, आणि धोका तुम्हालाही आहे. पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढा. वायर प्लगपेक्षा खाली झोळ पडेल अशी सोडा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जात नाही. संशयाची वस्तू एकेक करून बंद ठेवून बघा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

शेजारी तोडफोड चालू असेल, ड्रिल भिंतीला लागत असेल, तर आमचा मासा दिवसभर नळीतून तोंड काढत नाही. टाकी भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढली आणि खाली थर्माकोल घातला, त्याने फरक पडला. टाकी सरकवायची तर पाणी जवळजवळ पूर्ण काढून, दोघांनी मिळून.

९. पाणी बदलायची पद्धत

दर आठवड्याला २० ते २५ टक्के. महिन्यातून एकदा अर्धं, असं करू नका. नवं पाणी आदल्या दिवशी भरा, क्लोरिन मारा, एअर स्टोन लावा. दुसऱ्या दिवशी पीएच आणि टीडीएस बघा. टाकीशी पीएच अर्ध्या अंकाच्या आत आणि तापमान एका अंशाच्या आत जुळलं, तर मगाने हळूहळू घाला. पाइपने एकदम सोडू नका. जुळत नसेल, तर त्या आठवड्यात दहा टक्क्यांवर थांबा.

सायफन नळीच्या आतही फिरवा. आमच्या पहिल्या टाकीत वरून सगळं चकाचक होतं आणि नळीच्या मागच्या टोकाला तीन आठवड्यांचं ब्लडवर्म कुजत होतं.

टाकी अजून नवीन असेल, तर ती मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत नाइफ फिश आणूच नका.

१०. औषध, आणि डॉक्टर

ठिपके खरोखर व्हाइट स्पॉटचेच असतील, तर तापमान दिवसाला एक अंश असं चढवत ३० पर्यंत न्या, हवा वाढवा, वाळू रोज सायफन करा, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही किमान आठवडाभर ते तसंच ठेवा. औषध द्यावंच लागलं तर तांबं, मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मलिन अशा नाजूक कातडीच्या माशावर फार कडक बसतात. बाटलीवरच्या डोसाच्या निम्म्याने सुरुवात करा आणि पहिले दोन तास समोर बसून राहा. फिल्टरमधला कार्बन आधी काढा, तो औषध शोषून घेतो. मिथिलिन ब्लू मुख्य टाकीत नको, त्याने जिवाणू मरतात आणि चार दिवसांनी अमोनियाचं नवं संकट उभं राहतं. एका वेळी एकच औषध.

पाणी तीन दिवस स्वच्छ राहूनही मासा सुधारत नसेल, अंग सुजलं असेल किंवा जखम वाढत असेल, तर माशांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा. सगळेच प्राण्यांचे डॉक्टर मासे बघत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारा. मासा पिशवीत घालून लोकलच्या गर्दीतून नेऊ नका. सोबत या गोष्टी न्या: टाकीच्या पाण्याची बाटली, नळाच्या पाण्याची बाटली, दोन्हींचे आकडे, टाकीचे खरे लिटर, आधी टाकलेल्या औषधांची नावं आणि डोस, आणि मोबाइलवर दोन व्हिडिओ, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा, ज्यांत कल्ले स्पष्ट दिसतील. आणि वहीची शेवटची चार पानं.